आगीतून फुफाट्यात : स्मोअर्स दरवेळी का करपतात आणि त्यावर उपाय काय

शेकोटीवर धरलेला मार्शमेलो, म्हणजे साखरेच्या फेसाचा मऊ गोळा, बाहेरून काळाठिक्कर पडतो, आतला गाभा मात्र पिशवीतून काढला तेव्हा होता तसाच थंड आणि चिवट राहतो, त्याखाली ठेवलेले चॉकलेट वितळायचे नाव घेत नाही, आणि हे सगळे दोन ग्रॅहम क्रॅकरांमध्ये दाबायला गेले की क्रॅकरचा चुरा मांडीवर पडतो. अमेरिकेत कॅम्पिंगला जाणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांकडून ही तक्रार मी ऐकली आहे आणि सलग तीन उन्हाळे ती आमच्याही घरची होती. चौथ्या उन्हाळ्यात ती मिटली. आम्ही केलेले कोणते उपाय फुकट गेले आणि नेमका दोष कुठे सापडला, ते येथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा प्रकार अजून केलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, काडीला टोचून विस्तवावर भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेटचे दोन-तीन तुकडे ग्रॅहम क्रॅकर नावाच्या गव्हाच्या गोडसर बिस्किटांमध्ये दाबून खातात, त्याला स्मोअर म्हणतात. ‘सम मोअर’, म्हणजे ‘आणखी थोडे’, हे शब्द भराभर उच्चारल्याने झालेले ते रूप आहे.

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि जूनच्या शेवटी दोन-तीन रात्रींसाठी मिशिगन सरोवराच्या काठच्या लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये तंबू ठोकतो. पहिल्या वर्षी सगळे करपले तेव्हा आम्ही मार्शमेलोला दोष दिला आणि दुसऱ्या वर्षी मोठ्या लिंबाएवढे मार्शमेलो आणले. ते आणखी वाईट भाजले, कारण जेवढा गोळा जाड तेवढा त्याचा गाभा विस्तवापासून लांब. तिसऱ्या वर्षी दोष काड्यांवर ढकलला, लांब होणाऱ्या दांड्याचे स्टीलचे काटे विकत घेतले, आणि सोबत चांगल्यातले डार्क चॉकलेटही घेतले. काट्यांवरून मार्शमेलो घसरून राखेत पडू लागले. डार्क चॉकलेटबद्दल नंतर कळले ते असे की, दुधाच्या चॉकलेटमध्ये दुधातली चरबी मिसळलेली असल्याने ते लवकर मऊ पडते आणि डार्क चॉकलेट त्या मानाने उशिरा. म्हणजे खर्च वाढवून आम्ही अडचणही वाढवली होती.

दोष नेमका कुठे आहे हे त्याच तिसऱ्या वर्षी, आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा, अगदी डोळ्यांसमोर दिसले. नातवाच्या हातातली काडी तिने घेतली आणि गॅसवर पापड भाजावा तशी मनगट झटकत मार्शमेलो जाळात इकडून तिकडे फिरवू लागली. पाच-सहा सेकंदांत त्याला एका कडेने निळसर ज्योत लागली, तिने फुंकर मारली, आणि काळ्या पडलेल्या त्या गोळ्याला चिमटीत धरून हलकेच ओढले तेव्हा वरचे काळे कवच टोपीसारखे अख्खे हातात आले. खाली चिकट, चकचकीत असा एक पातळ थर होता आणि त्याच्या आत पांढरा, कोरडा, रबरासारखा गाभा. “वरून कोळसा झालाय आणि आत धगच लागली नाही रे याला,” असे म्हणून तिने काडी माझ्या हातात परत दिली.

पापड थेट जाळावर भाजता येतो, कारण तो पातळ आणि कोरडा असतो व उष्णता क्षणात आरपार जाते. भरताचे वांगेही जाळावर चालते, कारण त्याची करपलेली साल आपण सोलून टाकूनच देतो. मार्शमेलोची मात्र सालही खायचीच असते, आणि पातळपणाच्या बाबतीत तो पापडाच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. साखर, मक्याचा पाक आणि जिलेटिन एकत्र घोटून त्यात भरपूर हवा कोंडली की मार्शमेलो होतो. त्याच्या आकारमानाचा मोठा भाग निव्वळ हवेचा असतो, आणि कोंडलेली हवा ही उष्णतेला आत शिरू न देणारी उत्तम गोधडी आहे. लाकडाच्या जाळातले वायू ८०० ते १,००० अंश सेल्सियसच्या घरात तापलेले असतात. त्यांच्यात हा गोळा धरला की पृष्ठभागावरची साखर काही सेकंदांत खरपूस होण्याची पायरी ओलांडून थेट पेट घेते, आणि तोवर आत काही बदललेलेच नसते.

गंमत अशी की गाभ्याला फार उष्णता लागतही नाही. जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आसपास सैल पडू लागते, त्यामुळे आतला भाग नुसता कोमट होऊन थोडा वर गेला तरी तो वाहता होतो. वरच्या सालीला बदामी रंग येण्यासाठी मात्र दीडशे-एकशेसाठ अंशांपर्यंत तापावे लागते, कारण साखरेचा कॅरॅमल होणे आणि जिलेटिनमधल्या प्रथिनाची पाकातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया होऊन खमंगपणा येणे या दोन्ही गोष्टी त्या सुमारास घडतात. तेव्हा आपल्याला हवी असते ती अशी उष्णता, जी सालीला या टप्प्याशी हळूहळू नेईल आणि तेवढ्या वेळात गाभ्यालाही कोमट करील. ती जाळात नसते. जाळ वाऱ्यागणिक इकडेतिकडे लवतो, आत्ता लागतो आणि पुढच्या क्षणी लागत नाही. निखाऱ्यांची धग एकसारखी असते, एका दिशेने येते आणि अंतर कमीजास्त करून तिला ताब्यात ठेवता येते. आगीतून फुफाट्यात पडणे ही आपल्याकडे दुर्दशेची परिसीमा मानली जाते, पण मार्शमेलोने नेमके तेच करायला हवे.

आता कोणी म्हणेल की निखाऱ्यावर भाजावे हे सगळ्यांनाच ठाऊक असते. आम्हालाही होते. तरी आम्ही दरवर्षी जाळावरच का भाजत होतो, याचे उत्तर घड्याळात सापडले.

खरा दोष : काडी उशिरा लावणे

मिशिगन राज्याचा पश्चिम किनारा पूर्वेकडच्या राज्यांच्याच वेळेवर चालतो, त्यामुळे जूनच्या शेवटी लडिंग्टनला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. शेकोटी म्हणजे अंधार हवाच, अशा समजुतीने आम्ही नऊ वाजता लाकडे रचायला घेत होतो. स्टेट पार्कात रात्री दहा वाजल्यापासून शांततेची वेळ सुरू होते, पाच वर्षांचा मुलगा तोवर पेंगायला लागतो, आणि मोठी मुलगी “झालं का?” हा प्रश्न दर दोन मिनिटांनी विचारत असते. मग साडेनऊला, म्हणजे लाकडे नुकती कुठे धडाडून पेटलेली असताना, आम्ही मुलांच्या हातात काड्या देऊन मोकळे होत होतो. त्या वेळी शेकोटीत निखारा म्हणावा असा एकही नसतो, सगळा जाळच जाळ असतो. मनगटाएवढ्या जाडीच्या ओंडक्यांना पेटून, जळून, तडकून त्यांचे निखारे व्हायला पाऊण ते एक तास लागतो, आणि तो तास आमच्या संध्याकाळीत कुठेच नव्हता.

चौथ्या वर्षी आम्ही एवढाच बदल केला की आठ वाजता, लख्ख उजेडात, काडी लावली. जाळ जोरात होता तेव्हा शेकोटीभोवतीच्या लोखंडी कड्यावरच्या जाळीवर मक्याची कणसे भाजून घेतली, सावकाश जेवलो, आणि नऊ वाजून काही मिनिटांनी पाहिले तर कड्याच्या तळाशी नारिंगी निखाऱ्यांचा जाड थर तयार होता, ज्यावर राखेची पांढुरकी साय धरू लागली होती. बाकीच्या युक्त्या पुढे सांगतो, पण त्यांतली एकही पाळली नाही आणि फक्त ही पाळली, तरी निम्म्याहून अधिक काम होते.

निखारे झाले की कड्याचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. एका बाजूला एक-दोन ओंडके जळते ठेवावेत, म्हणजे उजेडही राहतो आणि पुढचे निखारेही तयार होतात. दुसऱ्या बाजूला लांब काठीने किंवा छोट्या फावड्याने निखारे ओढून त्यांचा चपटा ढीग करावा. ज्यांनी चुलीवरची भाकरी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण तव्यावरून उतरवलेली भाकरीही जाळावर टाकत नाहीत, चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्या धगीला उभी करतात.

धग योग्य आहे की नाही हे हाताने पाहावे. मार्शमेलो ज्या उंचीवर धरायचा आहे तेथे तळहात आडवा धरून सावकाश अंक मोजावेत. दोन-तीनलाच हात मागे घ्यावासा वाटला तर धग फार आहे, उंची वाढवावी. दहापर्यंत काहीच वाटले नाही तर निखारे विझत आले आहेत. पाच-सहा अंकांपर्यंत हात टिकत असेल तर ती जागा बरोबर. आमच्याकडे ही जागा बहुधा निखाऱ्यांपासून वीतभर उंचीवर सापडते. हाताची ही परीक्षा मोठ्या माणसानेच करावी.

एवढ्या धगीवर एक मार्शमेलो नीट व्हायला तीन ते चार मिनिटे लागतात, आणि दर दहा-पंधरा सेकंदांनी त्याला पाव फेरी द्यावी लागते. पाच वर्षांच्या मुलासाठी चार मिनिटे म्हणजे युग असते. यावर तोडगा आईने काढला. तिने मुलीला पाढे म्हणायला लावले : बेचा पाढा ‘बे दाहे वीस’पर्यंत संपला की पाव फेरी, मग तीनचा, मग चारचा, असे करत बाराचा पाढा होईस्तोवर मार्शमेलो होत आलेला असतो. मुलीचा सातचा पाढा नेहमी अडखळतो, त्यामुळे आमच्या मार्शमेलोची एक बाजू इतरांपेक्षा अंमळ गडद होते, हे मान्य करायला हवे.

भाजताना पाहायचे ते रंगाकडे कमी आणि आकाराकडे जास्त. आधी पृष्ठभागावरची पिठूळ झाक जाऊन तो किंचित ओलसर दिसतो, मग फिकट मलईचा रंग येतो, आणि मग आतली हवा तापून प्रसरण पावू लागली की गोळा दिसण्याइतका फुगतो. फुगणे ही गाभ्यापर्यंत उष्णता पोचल्याची खूण आहे, आणि नुसता तपकिरी रंग ही तशी खूण नाही. फुगलेला गोळा काडीवर डुगडुगू लागला, काडी फिरवली तरी तो मागे राहतो आहे असे वाटले, की आत सगळे सैल झाले असे समजावे. त्यानंतरच त्याला निखाऱ्यांच्या थोडे जवळ नेऊन दहा-पंधरा सेकंदांत हवा तेवढा बदामी रंग आणावा. आधी गाभा आणि शेवटी रंग, हा क्रम उलटला की पहिल्या परिच्छेदातली स्थिती होते.

एवढे करूनही एखादा पेटलाच तर तो वाया गेला असे समजू नये. फुंकर मारून विझवावा, मिनिटभर निवू द्यावा, काळी टोपी ओढून काढावी आणि उरलेला गाभा काडीसकट पुन्हा धगीवर धरावा. तो आता लहान असल्यामुळे लवकर भाजतो, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांदा भाजलेला हा गाभा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. मात्र पेटलेली काडी हवेत झटकून विझवायला मुलांना अजिबात देऊ नये. वितळलेली साखर कातडीला चिकटून राहते, पाण्यासारखी ओघळून जात नाही, त्यामुळे तिचा चटका खोल बसतो. चटका बसलाच तर तो भाग वीस मिनिटे साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये, मग घरातल्या वडीलधाऱ्यांचा कितीही आग्रह असो.

चॉकलेट वितळत नसेल तर

मार्शमेलो उत्तम भाजला तरी चॉकलेट घट्टच राहते, ही दुसरी तक्रार पहिलीइतकीच सार्वत्रिक आहे, आणि तिचे कारण साध्या हिशेबात आहे. नेहमीचा मार्शमेलो जेमतेम सात ग्रॅमचा असतो. अमेरिकेत या कामासाठी बहुतेक जण हर्शीची ४३ ग्रॅमची वडी घेतात, जिचे बारा तुकडे पडतात, आणि स्मोअरमध्ये त्यांतले तीन ठेवले तर ते जवळपास अकरा ग्रॅम होतात. म्हणजे सात ग्रॅमच्या गरम फेसाने अकरा ग्रॅम थंड चॉकलेट वितळवावे, अशी आपली अपेक्षा असते. चॉकलेटमधले कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते, हे खरे. पण सरोवराकाठी रात्रीची हवा पंधरा अंशांवर आलेली असते, वडी बहुधा बर्फाच्या पेटीतून नुकती काढलेली असते, आणि चॉकलेटला आधी तिथून वर आणण्यात व मग त्यातली चरबी वितळवण्यात जेवढी उष्णता लागते तेवढी एकट्या मार्शमेलोकडे नसते. शिवाय गार क्रॅकर आपला वाटा घेतो तो वेगळाच.

स्मोअर्सची जी जुनी छापील कृती सर्वत्र दाखवली जाते ती १९२७ सालच्या, अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तिकेतली आहे. तिच्यात एका स्मोअरसाठी दोन मार्शमेलो सांगितले आहेत, ते निखाऱ्यांवर भाजायला सांगितले आहेत, आणि त्यांच्या उष्णतेने चॉकलेट थोडेसे वितळेल, असेच म्हटले आहे. जाहिरातींतल्या चित्रात दिसणारा चॉकलेटचा ओघळ त्या कृतीने कबूल केलेलाच नाही. आमचे मत विचाराल तर दोन मार्शमेलो फार गोड होतात, त्यामुळे आम्ही हिशेब दुसऱ्या बाजूने जुळवला. चॉकलेटचे दोनच तुकडे घेतो, वडी बर्फाच्या पेटीत न ठेवता सावलीत ठेवतो, आणि मार्शमेलो काडीला टोचण्याआधी अर्ध्या क्रॅकरवर चॉकलेट मांडून तो क्रॅकर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर, कड्याच्या कडेला, हाताला ऊबदार लागेल अशा जागी ठेवून देतो. मार्शमेलो होईपर्यंतच्या चार मिनिटांत चॉकलेटच्या कडांना चकाकी येते आणि कोपरे गोलावतात. त्यापुढे ठेवले तर ते बुडाशी करपते, म्हणून एकाने तिकडे लक्ष ठेवावे.

मार्शमेलो वर ठेवून दुसऱ्या क्रॅकरने दाबल्यावर लगेच चावू नये. त्याच फॉइलमध्ये गुंडाळून एक मिनिट थांबावे, म्हणजे उरलेली उष्णता हवेत न जाता चॉकलेटमध्ये उतरते आणि क्रॅकरही किंचित नरम पडून चावताना फुटत नाही. क्रॅकर त्यावर आधीच असलेल्या मधल्या आडव्या खाचेवर मोडावा, भलतीकडे मोडू नये, हेही ओघाने सांगतो. आमच्या मुलाने एकदा क्रॅकरऐवजी पार्ले-जी वापरून पाहिले. बिस्किट लहान पडते आणि मार्शमेलो चारी बाजूंनी बाहेर येतो, पण चवीबद्दल त्याची तक्रार नव्हती आणि माझीही नाही.

काडीवरून घसरणे

धातूचा काटा धगीत तापतो आणि मार्शमेलोला आतून, नेमका ज्या ठिकाणी धरले आहे त्या ठिकाणी, वितळवतो. मग काटा फिरवला तरी गोळा फिरत नाही, त्याची जड बाजू सतत खाली राहून तीच करपते, आणि शेवटी तो निसटतो. काटा आधीच्या मार्शमेलोमुळे तापलेला असेल तर हे फारच लवकर होते, तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये काटा ओल्या फडक्याने पुसून गार करावा. दोन दातांचा काटा एका दाताच्या सळईपेक्षा बरा. त्याहून बरी लाकडाची, हातभरापेक्षा बरीच लांब अशी, कोरी आणि रंग न लावलेली काठी. पार्कातल्या झाडांच्या फांद्या मोडू नयेत; नियमाचा भाग सोडला तरी मिशिगनच्या रानात पॉइझन आयव्हीसारख्या खाज आणणाऱ्या वनस्पती आहेत आणि कोणती काडी कशाची हे आपल्याला ओळखता येत नाही. मार्शमेलो त्याच्या सपाट तोंडाकडून उभा टोचावा आणि काडीचे टोक दुसऱ्या तोंडातून जेमतेम डोकावेल इतपतच पुढे न्यावे.

शाकाहारी मंडळींसाठी

अमेरिकेतल्या नेहमीच्या मार्शमेलोमधले जिलेटिन प्राण्यांपासून, बहुतेक वेळा डुकराच्या कातडीपासून काढलेले असते. भारतातल्या वेष्टनांवरच्या हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या नजरेला इथे तसा ठिपका सापडत नाही, म्हणून घटकांच्या यादीत ‘जिलेटिन’ हा शब्द शोधावाच लागतो. पिशवीवर ‘कोशर’, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांना धरून, असे लिहिलेले असले म्हणजे ती शाकाहारी झाली, असा समज करून घेऊ नये, कारण तिच्यात मासळीचे किंवा गोवंशाचे जिलेटिन असू शकते. ‘व्हेगन’, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेली, असे लिहिलेली पिशवी घ्यावी. त्यांत जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारे कॅराजीनन आणि टॅपिओकाचा पाक असे घटक असतात.

हे मार्शमेलो जरा वेगळे वागतात, आणि ते लक्षात न आल्याने आईसाठी आणलेले पहिले चार आम्ही वाया घालवले. कॅराजीननचा गोळा जिलेटिनपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला सैल पडतो, त्यामुळे फुगण्याची आणि डुगडुगण्याची वाट पाहत बसलो तर फसगत होते. आमच्या अनुभवात ते फार फुगत नाहीत, बराच वेळ पांढरेच दिसतात आणि मग एकाएकी रंग धरतात. त्यांना निखाऱ्यांपासून दोन बोटे अधिक उंच धरावे, मिनिटभर जास्त द्यावे, आणि झाले की नाही हे आकारावरून न ठरवता चिमटीत हलके दाबून पाहावे. त्यांच्यासाठी वेगळ्या काड्या ठेवाव्यात आणि जिलेटिनच्या मार्शमेलोला लागलेले टोक त्यांना लागत नाही ना, याकडे लक्ष द्यावे, कारण घाईत काड्यांची अदलाबदल होते. आई आता स्वतःची काडी उशाशी घेऊनच बसते.

निखारेच होत नसतील तर

वेळेवर पेटवूनही निखारे धरत नसतील तर लाकडाकडे पाहावे. ओले लाकूड आपली उष्णता स्वतःतले पाणी उकळण्यात घालवते. त्याच्या कापलेल्या तोंडांवर फेस येतो, सूं सूं असा आवाज होतो, धूर डोळ्यांत जातो आणि तासाभराने हाती काळे, अर्धवट जळके दांडके उरते. वाळलेला ओंडका हातात हलका लागतो, त्याच्या तोंडावर चिरा पडलेल्या असतात, आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले की बद्द न वाजता टणकन वाजतात. मेपल आणि ओक यांचे निखारे जड आणि टिकाऊ होतात. पाइनसारखे राळ असलेले लाकूड भडकन पेटते आणि पेटवणीला उत्तम असते, पण त्याचे निखारे लगेच राख होतात आणि काजळी मार्शमेलोवर बसते. पेटवण्यासाठी कोळशावर शिंपडायचे इंधन तर वापरूच नये, त्याचा वास पहिल्या दोन फेऱ्यांना तरी नक्की येतो.

चांगले वाळलेले लाकूड घरूनच न्यावे, असा विचार मनात येईल. आमच्याही आला होता. तो करू नये. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ साली डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला आणि त्याने पुढे उत्तर अमेरिकेत ॲशची कोट्यवधी झाडे मारली. त्याच्या अळ्या सालीखाली राहतात, आणि किडा स्वतः उडून जेवढा जाऊ शकतो त्याहून कितीतरी दूर तो सरपणातून गेला. म्हणून लाकूड जिथे जाळायचे तिथलेच घ्यावे, किंवा उष्णता देऊन किडे मारल्याचा शिक्का असलेली मोळी घ्यावी. आम्ही पोचल्याबरोबर, तंबू ठोकण्याच्याही आधी, पार्कातून मोळी घेतो आणि संध्याकाळपर्यंत उन्हात सुटी करून ठेवतो.

कोरड्या उन्हाळ्यात लाकडे जाळायला बंदी येते तेव्हा किंवा घरच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर हा खेळ करताना निखारे नसतातच. तिथे ज्योत शक्य तेवढी बारीक करून मार्शमेलो तिच्या टोकाच्या बराच वर आणि थोडा बाजूला धरावा. खाण्यापुरते जमते, त्याहून अधिक काही म्हणवत नाही.

शेवटी विझवण्याबद्दल, कारण निखारे जमवायचे ठरवले की ते रात्री उरतातही. आमच्या आजूबाजूला सगळी वाळूच असल्याने पहिल्या वर्षी आम्ही शेकोटीवर चार फावडी वाळू टाकून झोपलो होतो, आणि सकाळी मुलगी काठीने ती उकरायला गेली तेव्हा खालून लाल डोळा उघडला. वाळूखाली निखारा विझत नाही, झाकला जातो, आणि अनवाणी पायाला तो दिसत नाही. आता बादलीभर पाणी सावकाश ओततो, काठीने तळापर्यंत ढवळतो, पुन्हा ओततो, आणि चर्र आवाज पूर्ण थांबल्यावर राखेच्या वर हाताची उलटी बाजू धरून पाहतो. उरलेली मार्शमेलोची पिशवी गाडीत कुलूपबंद करतो, कारण तिथल्या रॅकून नावाच्या रानटी प्राण्यांना तंबूची चेन उघडता येते.